तळाला लागलेलं

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याला, आमच्या राखोलीच्या घरी बासुंदी लागली. जाऊबाईंचे दहा उपवास झालेले, घरात पंधरा माणसं, आणि मी ओटा सोडून दारात कोण आलं ते बघायला गेले. तेवढंच निमित्त. पाच लिटर दूध होतं. वरची बासुंदी हलक्या हातानं दुसऱ्या पातेल्यात काढली, वेलदोडा आणि जायफळ जरा जास्त घातलं, आणि आलेल्या सगळ्यांनी जळका वास आला नाही असं दाखवत ती खाल्ली. पातेल्याच्या तळाशी मात्र तांबूस-काळा थर बसला होता, मध्ये तर अगदी कोळसा.

एरवी अशा पातेल्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणी घालून मोरीत ठेवायचं, आणि कामाच्या मावशी आल्या की त्यांच्याकडे सरकवायचं. "जरा लागलंय हं मावशी" एवढं म्हटलं की आपलं काम झालं. मी हे वीस वर्षं म्हणत आले. पण त्या महिन्यात मावशी येत नव्हत्या. त्यांच्या दोन्ही हातांची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने पाणी आणि साबण बंद. चार घरची भांडी करणाऱ्या बाईला पाणी बंद करा म्हणजे काय सांगितलं, हे त्या डॉक्टरांनाही कळलं असेल. पहिल्या महिन्याला मी त्यांना अर्धा पगार दिला आणि मनातल्या मनात स्वतःला उदार समजले, हेही इथे लिहून टाकते.

त्याच सुमारास मुलानं हप्त्यावर भांडी घासायचं मशीन आणलं. डिशवॉशर. ताटवाट्या त्यात जातात हे ठीक, पण माझा प्रश्न त्या पातेल्याचा होता. हे यंत्र करपलेलं काढतं का? आणि काढत नसेल, तर ज्यांनी ते केलं त्यांच्या डोळ्यांपुढे मुळात कोणतं भांडं होतं? मी बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवला. एखादी गोष्ट नीट चालत नसली की तिचा जन्म कुठे झाला हे शोधायची मला खोड आहे.

आधी आपल्याकडचं. सांगली जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी परसात भांडी घासायची जागा होती. तिथे एका फुटक्या डेऱ्यात चुलीतली राख चाळून ठेवलेली आणि शेजारी नारळाच्या शेंडीचा गोळा. राखेला आपण आता गरिबीची खूण समजतो, पण लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. तो तेलकटाला लागला की थोडाफार साबणच तयार होतो, आणि राखेचे बारीक कण खरवडायचं काम करतात. म्हणजे औषध आणि घासणी एकाच मुठीत. आजी पातेलं चुलीवर चढवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून ओली राख फासायची. काजळी मग भांड्याला न धरता राखेला धरायची आणि धुताना एका हातात निघून जायची. भांडं घासायचं काम ती स्वयंपाकाच्या आधीच सुरू करत होती, हे मला फार उशिरा कळलं. पितळेला चिंच. आतून कल्हई, नवसागराचा पांढरा धूर आणि त्यातून एकदम चांदीसारखं चमकणारं पातेलं बघायला आम्ही पोरं कल्हईवाल्याभोवती कोंडाळं करायचो. मग स्टील आलं, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी दारोदार फिरल्या, आणि कल्हईवाला दिसेनासा झाला. १९९३ मध्ये भांडी घासायची साबणवडी बाजारात आली. तोवर शहरात गॅस पोहोचला होता, त्यामुळे राख तशीही उरली नव्हती. वडीनं हात मऊ राहतात असं जाहिरातीत दाखवायचे. मावशींचे हात मी पाहिलेत.

आपल्या धर्माला भांड्याचा विचार नवा नाही. आपले दिगंबर मुनी करपात्री. उभ्यानं, ओंजळीत, दिवसातून एकदाच आहार. भांडंच नाही, म्हणजे खरकटंही नाही. श्वेतांबर साधूंची लाकडी पात्रं असतात. त्यात आलेला आहार पूर्ण संपवायचा, पात्र पाण्यानं धुवायचं, ते धुवण प्यायचं आणि पात्र कापडानं कोरडं करायचं. श्रावकांच्या घरी हीच रीत थाळी धुऊन पिण्याच्या रूपानं आली. आमच्या शेजारच्या श्वेतांबर घरातल्या बा अजूनही हे करतात. जेवण संपलं की थाळीत घोटभर पाणी, बोटानं फिरवायचं, प्यायचं, आणि थाळी पुसून पालथी. लाळ लागलेलं उष्टं दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं तसंच राहिलं तर त्यात संमूर्च्छिम जीव उपजतात, ही त्यामागची धारणा. मी मशीन दाखवायला बांना बोलावलं तेव्हा त्यांनी चकचकीत दारावर हातही फिरवला नाही. एकच विचारलं, "हे भरेपर्यंत खरकटं आत किती वेळ राहतं?"

मला उत्तर देता आलं नाही. छोट्या कुटुंबात सकाळच्या वाट्या सकाळी आत जातात आणि मशीन रात्री लागतं. चौदा तास. आधी जीव उपजू द्यायचे आणि मग सत्तर अंशांच्या पाण्यात संपवायचे, असा हा मामला. बांचा प्रश्न मी बाजूला ठेवला नाही. त्याकडे पुढे येतेच.

आता या यंत्राचा जन्म. लाकडी, हातानं फिरवायचं एक यंत्र अमेरिकेत १८५० मध्ये जोएल ह्यूटन नावाच्या गृहस्थांनी केलं होतं, पण ते भांड्यांवर पाणी शिंपडण्यापलीकडे फारसं काही करत नसे. खरं चाललेलं यंत्र एका बाईचं. जोसेफिन कॉक्रन, इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिलची. घर बऱ्यापैकी श्रीमंत, मेजवान्या व्हायच्या, आणि वडिलोपार्जित नाजूक चिनी मातीच्या ताटांचे कपचे नोकरांच्या हातून उडायचे. काही दिवस बाईंनी स्वतः ताटं धुतली, कंटाळल्या, आणि हे काम करणारं यंत्र आपणच करायचं असं ठरवलं. १८८३ मध्ये नवरा वारला, मागे कर्ज ठेवून. तोवर हौस असलेली गोष्ट मग पोटाची झाली. घरामागच्या लाकडाच्या खोपटात जॉर्ज बटर्स नावाच्या मेकॅनिकला हाताशी धरून त्यांनी ताटं, कप, बश्या मोजल्या, त्यांच्या मापाचे तारेचे कप्पे वळले, ते एका चाकावर बसवले, चाक तांब्याच्या हंड्यात आडवं ठेवलं. चाक फिरायचं आणि खालून गरम साबणाचं पाणी ताटांवर उसळायचं. पेटंटची तारीख २८ डिसेंबर १८८६.

१८८६ हे साल आपल्याला दुसऱ्या कारणानं आठवायला हवं. त्याच वर्षी ११ मार्चला आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि वर्ष सरता सरता मायदेशी परतल्या. पुढच्या फेब्रुवारीत त्या गेल्या. एका देशात एक विधवा यंत्राचं पेटंट घेते, त्याच देशातून एक मराठी मुलगी डॉक्टर होऊन आणि आजारी होऊन येते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण इतिहासाच्या वर्गात मी असं शेजारी शेजारी मांडायची आणि मुली जाग्या व्हायच्या.

जैन वाचकांसाठी आणखी एक. १८९३ मध्ये शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्या प्रदर्शनाच्या निमित्तानंच सप्टेंबरात सर्वधर्म परिषद झाली, आणि तिथे महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी, वय वर्षं २९, जैन धर्माच्या वतीनं उभे राहिले. विवेकानंदांचं नाव सगळ्यांना येतं, वीरचंदभाईंचं आपल्यालाही आठवून सांगावं लागतं. असो. त्याच प्रदर्शनात कॉक्रनबाईंच्या यंत्राला बक्षीस मिळालं आणि तिथल्या खानावळींत ती यंत्रं हजारो पाहुण्यांची ताटं धूत होती. अहिंसेवर व्याख्यान आणि खरकट्यावर यंत्र, एकाच शहरात, एकाच वर्षी.

माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळालं. हे यंत्र पातेल्यासाठी जन्मलंच नव्हतं. ते ताटासाठी जन्मलं, आणि त्यातही ताट स्वच्छ व्हावं यापेक्षा ते फुटू नये म्हणून. त्या घरात पातेली कोण घासत होतं? ज्या नोकरांच्या हातून ताटं फुटायची तेच. त्यांच्या हातांसाठी कोणी पेटंट घेतलं नाही.

यंत्र घेतलं हॉटेलांनी. शिकागोचं पामर हाऊस हे सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी. घरांनी ते घेतलं नाही. किंमत जास्त, आणि घरच्या बंबात तेवढं गरम पाणी नसायचं. शिवाय काही बायकांनी सांगितलं म्हणे की जेवणानंतर ताटं धुताना मनाला विसावा मिळतो. या बायकांच्या घरी दूध कधी लागलं नसावं. पुढे पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरकामाच्या बाया मिळेनाशा झाल्या, त्यांना कारखाने आणि दुकानं मिळाली, आणि घरांना यंत्राची आठवण व्हायला लागली. १९२४ मध्ये इंग्लंडात विल्यम लिव्हन्स यांनी पुढे दार आणि आत फिरता फवारा असलेलं छोटं घरगुती यंत्र केलं. आज आपल्या ओट्याखाली बसतं त्याचा आजोबा तोच. १९२९ मध्ये जर्मनीच्या मीले कंपनीनं युरोपातलं पहिलं विजेवरचं यंत्र काढलं. कॉक्रनबाई १९१३ मध्ये गेल्या होत्या. त्यांची कंपनी १९२६ मध्ये होबार्टनं घेतली आणि त्यातून पुढे किचनएडची यंत्रं आली.

यंत्र आलं, पण त्यात साबण कोणता घालायचा हा घोळ राहिलाच. साधा साबण फेसाळतो, आणि फेस झाला की फवाऱ्याचा जोर मरतो. जड पाण्यात साबणाचा चोथा होऊन तोच काचेवर बसतो. म्हणून फेस न करणाऱ्या, फॉस्फेटवाल्या पुडी आल्या. अमेरिकेतली कॅस्केड १९५५ ची. फॉस्फेटनं भांडी लखलखायची आणि सांडपाणी गेलं त्या तळ्यांत शेवाळ माजायचं. अखेर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी २०१० मध्ये आणि युरोपानं २०१७ पासून त्याला आळा घातला. आमच्या मशीनमध्ये मीठ घालायची वेगळी जागा आहे ती या जड पाण्यासाठी. आमचं बोअरचं पाणी. मीठ संपलं की दुसऱ्या दिवशी पेल्यांवर पांढरी धुरकट साय दिसते आणि मुलगा म्हणतो मशीन बिघडलं.

आता पातेल्याकडे. १९५९ मध्ये हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं धुण्याचं एक साधं वर्तुळ मांडलं. स्वच्छ करायला चार गोष्टी लागतात: औषध म्हणजे साबण-क्षार, घासण्याचा जोर, उष्णता आणि वेळ. एक कमी केली तर बाकीच्यांनी ती भरून काढायची. धुण्याच्या यंत्रांचा धंदा आजही या वर्तुळावर चालतो. डिशवॉशरला हात नाहीत. पाण्याच्या फवाऱ्याचा जोर हातातल्या काथ्यापुढे काहीच नाही. म्हणून ते बाकीचं वाढवतं: पाणी ६०-७० अंशांपर्यंत तापवतं, आपल्या हाताला सोसणार नाही असा क्षार वापरतं, आणि दोन-अडीच तास घेतं. लोक तक्रार करतात की इतका वेळ कशाला. तो वेळच त्याचे हात आहेत.

वडीत पाचकं असतात. एक प्रथिनं तोडणारं, एक पीठ-भात तोडणारं. कूकरच्या भांड्याला वाळून चिकटलेला भात मऊ होऊन सुटतो तो याच्या जिवावर. साधारण ५०-६० अंशांत ती उत्तम चालतात. पाचकं म्हटल्यावर मला धास्ती वाटली, कारण १९१३ मध्ये ऑटो रोम यांनी कपडे धुण्यासाठी पहिल्यांदा पाचकं वापरली ती जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेली होती. आताची पाचकं जिवाणूंकडून करून घेतात, मोठ्या पिंपांत, दही लावल्यासारखं. आपल्या हिशेबात जिवाणूही जीवच, त्यामुळे वाद संपत नाही, पण स्वादुपिंडापेक्षा हे बरं असं मी ठरवलं.

आणखी एक गोष्ट कळली ती बांना सांगितली नाही. युरोपात ही यंत्रं तपासताना ताटांना मुद्दाम जे खरकटं लावतात त्यात ओट्सची पेज, पालक, चहा, दूध, मार्गरीन असतं, आणि खिमा आणि अंडंही. मग ते भट्टीत वाळवतात. म्हणजे आपल्या घरात येणारं मशीन कुठल्यातरी प्रयोगशाळेत खिम्याची परीक्षा पास होऊन आलेलं असतं. त्या परीक्षेत हळद नाही, फोडणी नाही, पुरणाचं पातेलं नाही, आणि कढईच्या बाहेरच्या बाजूला वर्षानुवर्षं बसलेला तो चिकट तपकिरी थर नाही.

तो थर म्हणजे काय हेही कळलं. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याचे कण एकमेकांत गुंफून रोगणासारखं कठीण कवच होतं. क्षार ताज्या तेलाचा साबण करतो, पण या कवचाचा करू शकत नाही. पाचकांना त्यात खाण्यासारखं काही उरलेलं नसतं. दूध लागतं तेव्हा आधी दुधातली प्रथिनं बुडाशी घट्ट बसतात, मग साखर तांबूस होते, आणि त्यानंतर कोळसा. पहिल्या थराला यंत्र पुरं पडतं, दुसऱ्याशी झटतं, कोळशापुढे हात टेकतं.

मी पातेलं दोनदा लावून पाहिलं. मशीनमध्ये सर्वात गरम असा जो कार्यक्रम असतो तो. काही कंपन्या आपल्याकडे त्याला कढईचंच नाव देतात. पहिल्या खेपेला कडेची तांबूस साय पूर्ण गेली. मधला काळा तळहाताएवढा डाग तसाच. दुसऱ्या खेपेला काही म्हणजे काही फरक नाही, फक्त वीज गेली. सोबतची स्टीलची ताटं, वाट्या, तुपाची लोटी, भाताचं भांडं मात्र अशी निघाली की मी उन्हात धरून पाहिली. कढई आतून स्वच्छ, बाहेरून जशीच्या तशी. आणि एक चूक मी केली ती तुम्ही करू नका: जर्मलचा डबा आत घातला. क्षारानं त्याचा वरचा थर खाल्ला, डबा काळा-राखाडी होऊन बाहेर आला आणि हाताला काजळ लागायला लागलं. बिडाचा तवा, पितळ, कल्हईचं भांडं, यांतलं काहीच आत घालू नये. म्हणजे आजीच्या फळीवरचं एकही भांडं या मशीनला चालत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र यंत्राच्या बाजूनं मांडतात. बॉन विद्यापीठात सात युरोपीय देशांतल्या ११३ जणांना बारा माणसांची भांडी हातानं धुवायला लावली, तर सरासरी १०३ लिटर पाणी लागलं. यंत्र पंधरा लिटरच्या आतबाहेर तेच काम करतं. वाचून मी थक्क झाले, आणि मग आठवलं की ती माणसं नळ सोडून धुतात. आमच्या मावशी दोन बादल्यांत पंधरा माणसांची भांडी काढायच्या; एक बादली खळबळायला, एक शेवटच्या पाण्याला. गाळलेलं पाणी जपून वापरणाऱ्या आपल्या सगळ्या आज्यांचा हिशेब असाच होता. कोणत्याही अभ्यासात त्यांना बोलावलं गेलं नाही.

पातेलं दोनदा फसल्यावर मी मावशींच्या घरी गेले. पगाराचा उरलेला अर्धा द्यायचा होता, हे खरं. आणि पातेल्याचं विचारायचं होतं, हेही खरं. मावशी वारली समाजाच्या. त्यांचं घर दमणगंगेच्या पुलापासून लांब नाही. राखोली म्हणजे सिल्वाशाहून खानवेलकडे जाताना लागणारं गाव. १९५४ पर्यंत हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता, २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाला, १९६१ मध्ये रीतसर भारतात आला. मग करसवलती आल्या आणि भाताच्या शेतांत कारखान्यांच्या शेड उठल्या. माझे यजमानही त्याच कारखान्यांपायी इथे आले. मावशींची सून सुताच्या कारखान्यात पाळीवर जाते. चार घरची खरकटी काढण्यापेक्षा तो पगार बांधलेला, आणि कोणी "जरा लागलंय हं" म्हणत नाही. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी जे झालं ते राखोलीत आता होतंय. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतल्या बायकांनी ही मशीनं धडाधड घेतली तीही बाया येणं थांबलं म्हणूनच. बाईच्या हातांना आराम म्हणून कोणी घेतलं नाही, मीसुद्धा नाही.

मावशींनी पातेल्याची हकिकत ऐकून घेतली. म्हणाल्या, "त्यात पाणी घालून सोडा टाका आणि गॅसवर ठेवा. उकळू द्या चांगलं. मग ते आपणहून सुटतं. नुसतं घासून कोण काढतंय?"

मी विचारलं, "मग तुम्ही इतकी वर्षं कसं काढत होता?"

"घासून," त्या म्हणाल्या. "गॅस तुमचा ना."

घरी येऊन मी धुण्याचा सोडा दोन चमचे घालून पातेलं पंधरा मिनिटं उकळलं. काळे पापुद्रे तळापासून उचलले गेले. लाकडी उलथन्यानं सरकवले, काथ्या आणि देवळातल्या धुनीची थोडी राख घेऊन घासलं, दिवस मावळायच्या आत पातेलं पालथं घातलं. एकूण पंचवीस मिनिटं आणि त्यातली पंधरा गॅसची. ओट्याशी उभी राहून मला ते सिनरचं वर्तुळ आठवलं. चारांतली उष्णता माझ्याकडे होती; मी दिली नाही. वेळ त्यांच्याकडे नव्हता, कारण पुढची तीन घरं वाट बघत. औषध म्हणजे साबणवडीचा झिजलेला तुकडा. परसातलं गार पाणी, श्रावणात तर बर्फासारखं. वर्तुळातले तीन भाग मी काढून घेतले होते आणि चौथा सगळा त्यांच्या हातांवर टाकला होता. भेगा साबणामुळे पडल्या असं डॉक्टर म्हणाले. ते बरोबरच आहे, पण अर्धंच.

बांच्या प्रश्नाचं असं झालं. आमच्याकडे संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी आटोपतं, त्यामुळे सकाळ आणि संध्याकाळ असं दोनदा, जेवण झाल्या झाल्या मशीन लावायचं ठरलं. अर्धं भरलं तरी. वीज थोडी जास्त जाते. ताटात काही टाकायचं नाही आणि घोटभर पाण्यानं थाळी धुऊन प्यायची, हे मी बांकडून घेतलं. आम्ही दिगंबर असलो तरी घेतलं. मुलगा आधी कुरकुरला. पण मशीनच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की ताटं आधी नळाखाली धुऊ नका, फक्त उष्टं काढून टाका, आणि ते वाचल्यावर त्याला पटलं. बांचं ऐकून पटलं नव्हतं. बा अजून म्हणतात की सत्तर अंशांचं पाणी म्हणजे सत्तर अंशांचं पाणी. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्या माझ्याकडे जेवायला आल्या की स्वतःची थाळी स्वतः पुसून ठेवतात, मशीनकडे जाऊ देत नाहीत.

दोन महिन्यांनी मावशी परत आल्या. आता त्या तासभर येतात, पगार पूर्वीचाच आहे. ताटवाट्या मशीनला. पातेली, कढया आणि तवे त्यांना, पण उकळून, गरम पाण्याच्या बादलीसह आणि आतून सुती अस्तराच्या रबरी मोज्यांसह. मोजे त्यांना आवडत नाहीत; हाताला भांडं कळत नाही म्हणतात, आणि मी आत गेले की काढून ठेवतात. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनचं दार उघडून आत वाकून पाहिलं. एक वाटी काढली, उजेडात धरली, अंगठ्यानं तिच्या बुडाची कड चाचपली. मग आणखी एक काढली. दोन वाट्या आणि वरणाची पळी बाजूला ठेवून त्या मोरीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ह्या राहिल्यात."